तहकूब, पण कधीपर्यंत?

प्रति,
गोव्यातील ग्रामपंचायतींचे सचिव, आणि वाचनालये, नाट्यमंडळे, देवस्थाने व सहकारी संस्था यांचे मानद चिटणीस यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पत्र उघड लिहितो आहे, कारण तक्रार एका कार्यालयाची नाही. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. त्याशिवाय गावोगावी एखादे वाचनालय, एखादे नाट्यमंडळ, देवळाच्या महाजनांची समिती, दूध सोसायटी. या सगळ्यांच्या सूचनाफलकांवर एका शब्दाने धुमाकूळ घातला आहे, तो म्हणजे 'तहकूब'. सभा पुढे ढकलली तरी तहकूब, कायमची रद्द केली तरी तहकूब, माणसे जमली नाहीत तरी तहकूब, आणि अध्यक्ष रागावून उठून गेले तरी तहकूबच. वाचणाऱ्याला एवढेच कळते की आज काही होणार नाही.

मी पेडणे तालुक्यातला. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालो. गावच्या वाचनालयाची इतिवृत्ताची वही बरीच वर्षे माझ्याकडे होती, त्यामुळे सूचना लिहिणाऱ्याची तारांबळ मला ठाऊक आहे. सरपंचांचा फोन शुक्रवारी संध्याकाळी येतो, सचिवाकडे शेजारच्या पंचायतीचाही ताबा असतो, आणि संगणकात मागच्या वेळचा मजकूर तयारच असतो. तारीख बदलायची, छापायचा, चिकटवायचा. दोष तुमच्या आळसाचा आहे असे मी म्हणत नाही. पण तो तयार मजकूर एकदा बसून दुरुस्त करावा, म्हणजे मग पुढची दहा वर्षे तोच चालेल, एवढ्यासाठी हा खटाटोप.

नमुना म्हणून एक सूचना सांगतो. गावाचे नाव लिहीत नाही. गोव्यात कुठेही खपेल अशी ती आहे. पंचायतीच्या दाराच्या काचेवर आतून डिंकाने चिकटवलेला कागद. उजव्या कोपऱ्यात जावक क्रमांक, त्यापुढे तिरकी रेघ आणि आर्थिक वर्ष. खाली दिनांक. मग मजकूर: 'रविवारी सकाळी १०.३० वाजता आयोजित केलेली ग्रामसभा काही अपरिहार्य कारणास्तव तहकूब करण्यात आली आहे, याची सर्व ग्रामस्थांनी नोंद घ्यावी.' त्याखाली सही, सहीवर अर्धा चढलेला जांभळा गोल शिक्का, आणि तळाशी 'प्रत माहितीसाठी: गटविकास अधिकारी'. जावक क्रमांक आहे, वर्ष आहे, दिनांक आहे, रद्द झालेल्या वेळेची मिनिटेसुद्धा आहेत. नाही ती फक्त पुढची तारीख. वरच्या वाड्यावरची एक आजी पथदिव्याचा अर्ज घेऊन आली होती. तिने कागद कुणाकडून तरी वाचून घेतला आणि विचारले, "मागीर केन्ना?" म्हणजे, मग कधी? आतून उत्तर आले, "फुडल्या आयतारा पळोवया." म्हणजे, पुढच्या रविवारी पाहू. पुढच्या आयतारी कुलूप होते.

त्या आजीचा प्रश्न व्याकरणाच्या दृष्टीनेही अचूक होता. तहकूब म्हटल्यावर 'कधीपर्यंत' हा प्रश्न यायलाच हवा. तो येतो कुठून, ते समजायला शब्दाच्या घरी जावे लागते.

तहकूब हा शब्द मराठीत आला तो अरबी-फारसीच्या वाटेने, राज्यकारभाराच्या भाषेतून. त्याचे मूळ अरबी 'तवक्कुफ' या शब्दात आहे असे मानतात. तवक्कुफ म्हणजे थांबणे, खोळंबणे, विलंब करणे. मराठी जिभेवर घासून घासून तवक्कुफचा तहकूब झाला, ही वाट कानाला जरा आडवळणाची वाटते खरी, पण अर्थ इतका तंतोतंत बसतो की मला ती पटते. तवक्कुफच्या घराण्यातली बाकीची मंडळी तर आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. 'मौकूफ' त्यातलाच: शिक्षा मौकूफ झाली, म्हणजे थांबवली गेली. 'वक्फ' हाही त्यातलाच: जी मालमत्ता धर्मकार्यासाठी बांधून ठेवली, जिचे विकणे-देणे थांबले, ती वक्फ. तिन्हींच्या पोटात 'थांबणे' हीच एक क्रिया आहे.

मजा अशी की सभेच्या कामकाजाची आपली जवळजवळ सगळी शब्दसंपत्ती याच वाटेने आलेली आहे. हजर, गैरहजर, मंजूर, नामंजूर, दुरुस्ती, रद्द, बरखास्त, मुलतवी. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषयपत्रिकेवरचा पहिला विषय घ्या. इतिवृत्त संस्कृत, कायम अरबी, आणि दोघे इतके गुण्यागोविंदाने नांदतात की कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यातले काही रुजले, बरेचसे पोथीत राहिले. सभेचे शब्द मात्र हटले नाहीत. आपल्या गोव्याला तर या शब्दांचे वावडे असायचे कारणच नाही. पोर्तुगीज यायच्या आधी, म्हणजे १५१० पूर्वी, इथे विजापूरच्या आदिलशहाचा अंमल होता. पणजीच्या मांडवीकाठच्या ज्या वास्तूला आपण जुने सचिवालय म्हणतो, तो मुळात त्याच आदिलशहाचा वाडा. मुक्तीनंतरची पहिली विधानसभा ९ जानेवारी १९६४ रोजी भरली, आणि पर्वरीला नवे संकुल होईपर्यंत, म्हणजे २००० सालापर्यंत, सभागृहाचे कामकाज त्या जुन्या वाड्यातच तहकूब होत राहिले. शब्द आणि वास्तू यांची अशी गाठ पडलेली मला दुसरीकडे ठाऊक नाही.

असो. मुद्द्यावर येतो.

जुन्या मराठीत तहकूब हा शब्द सभेला बांधलेला नव्हता. पावसामुळे बांधकाम तहकूब होई, आजारपणामुळे काशीयात्रेचा बेत तहकूब होई. म्हणजे न सुरू झालेली गोष्टही तहकूब होऊ शकत असे. तुमच्यापैकी कुणी हे माझ्या तोंडावर फेकले तर मी मान्य करीन. पण सभेच्या भाषेत शब्दाचा अर्थ पुढे घट्ट झाला. सभा तहकूब करणे म्हणजे भरलेली सभा मध्येच थांबवणे, आणि तीच सभा उरलेल्या कामासाठी पुन्हा भरवणे. शुक्रवारी काचेवर कागद लावून रविवारची सभा तहकूब करता येत नाही. जी भरलीच नाही ती थांबवणार कशी? ती फार तर पुढे ढकलता येते.

हा कीस मी उगीच काढत नाही. सभाशास्त्राचा सर्वमान्य नियम असा की तहकूब सभा ही नवी सभा नव्हे. ती पहिल्याच सभेचा पुढचा तुकडा. म्हणून तिच्यात जुन्या विषयपत्रिकेतले राहिलेले विषयच घ्यायचे असतात, नवा विषय घुसवायचा नसतो. पुढे ढकललेल्या सभेचे तसे नाही. तिची नवी सूचना निघते आणि विषयपत्रिकाही नवी निघू शकते. आता विचार करा. एखाद्या गावात डोंगर कापून होणाऱ्या गृहप्रकल्पाचा विषय आठव्या क्रमांकावर आहे, आणि सातव्यावर सभा थांबली. ती तहकूब असेल तर पुढच्या खेपेस आठवा विषय आपोआप पहिला येतो. 'नवी सभा' धरली तर तो विषय पत्रिकेतून गळून पडू शकतो, आणि कुणी विचारले तर 'तो मागच्या सभेचा होता' असे उत्तर तयार असते. गावात सरपंचांच्या हेतूवर शंका येते ती इथे, आणि बहुतेक वेळा हेतू नसतोच, फक्त शब्द चुकलेला असतो.

इंग्रजी कायद्यात तर या फरकावरून खटले झाले आहेत. १९०६ साली पॅरिंगा माइन्स नावाच्या कंपनीच्या संचालकांनी, एकदा सूचना देऊन बोलावलेली सर्वसाधारण सभा दुसरी सूचना काढून पुढे ढकलली. कोर्टाने सांगितले, नियमावलीत तसा अधिकार नसेल तर बोलावलेली सभा अशी ढकलता येत नाही. ती भरवा, आणि मग हवी तर तहकूब करा. त्याआधी १८९४ च्या एका निकालात अध्यक्षांनाही चिमटा काढला होता: सभेचे काम उरलेले असताना अध्यक्ष स्वतःच्या लहरीने सभा गुंडाळून निघून गेले, तर उरलेले सभासद दुसरा अध्यक्ष निवडून काम पुढे नेऊ शकतात. हे निकाल कंपन्यांचे आहेत, ग्रामसभेला आपला वेगळा कायदा आहे, हे मला कळते. पण लोकांना एकदा बोलावल्यावर त्यांना कसे परत पाठवायचे, याचा विचार माणसांनी किती बारकाईने केला आहे ते यातून दिसते.

आता तहकूबचे भाऊबंद. यांची आपापसात अदलाबदल फार होते.

'मुलतवी' हा अरबी मूळ धरून आलेला शब्द. मूळ अर्थ वळलेले, पिळलेले. ज्या गोष्टीला वळण देऊन बाजूला काढले, ती मुलतवी. सभा भरायच्या आधीच पुढे ढकलायची असेल तर हा शब्द अगदी चपखल, आणि आज तो जवळजवळ कुणी वापरत नाही याचे मला वाईट वाटते. तो फार जुनाट वाटत असेल तर 'पुढे ढकलली' लिहा. सरळ मराठी आहे, कोकणी बोलणाऱ्यालाही लगेच कळते.

'बरखास्त' हा फारसी. बर-खास्तन म्हणजे उठून उभे राहणे. दरबार बरखास्त झाला, म्हणजे मंडळी उठली. आभारप्रदर्शनानंतर सभा बरखास्त होते ती या अर्थाने, आणि त्यात गैर काही नाही. काम संपले, लोक उठले. पण कमिटी बरखास्त केली, पालिका मंडळ बरखास्त केले, असे आपण म्हणतो तेव्हा अर्थ मोडून टाकणे असा होतो. इतिवृत्तात 'सभा बरखास्त झाली' लिहायला माझी हरकत नाही, मात्र तीन विषय शिल्लक असताना ते लिहू नका. उठणे आणि संपणे यांत फरक आहे. 'रद्द' बद्दल जास्त सांगत नाही. ज्याला पुढची तारीख नाही आणि येणारही नाही, ते रद्द. असे असेल तर धीर करून तसेच लिहावे.

आणि मग येतो 'स्थगित'. हल्ली काही सुशिक्षित चिटणीस तहकूब हा परका शब्द म्हणून टाळतात आणि त्याऐवजी स्थगित घालतात. त्यांच्या भाषाप्रेमाला माझा नमस्कार, पण दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली गमतीची. संस्कृतात स्थग् म्हणजे झाकणे, लपवणे. स्थगित म्हणजे मुळात झाकलेले, दडवलेले. आणि याच धातूच्या पोटी 'स्थग' म्हणजे लबाड हा शब्द आला, ज्याचा पुढे 'ठग' झाला. तेव्हा 'सभा स्थगित' असे शुद्ध संस्कृतात म्हणायचे तर 'सभा झाकून ठेवली' असा अर्थ निघतो. अर्थात मराठीत आज स्थगितचा अर्थ थांबवलेले असाच आहे, आणि शब्दाच्या आजोबांवरून नातवाला जोखू नये. पण तहकूबला परका म्हणून बाहेर काढायचे आणि त्याच्या जागी ठगाच्या भावकीतला आणून बसवायचा, यात मिळवले काय?

दुसरी गोष्ट गमतीची नाही. आपल्याकडे 'स्थगिती' म्हटले की कोर्ट आठवते. बांधकामाला स्थगिती, ठरावाला स्थगिती, निवडणुकीला स्थगिती. गोव्यातल्या कुठल्याही गावात एखादे तरी प्रकरण कोर्टात पडलेले असते. अशा गावात काचेवर 'ग्रामसभेला स्थगिती' लिहिलेला कागद लागला की अर्ध्या तासात व्हॉट्सअ‍ॅपवर निघते: कुणीतरी स्टे आणला. मग कोणी आणला, कशासाठी, कुठल्या वकिलाने. प्रत्यक्षात काय, तर सभागृहाचे छप्पर गळत होते. म्हणून सभेसाठी स्थगित वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कोर्टाचा शब्द कोर्टाला राहू द्या.

आता मला ज्या गोष्टीचे सगळ्यांत जास्त नवल वाटले ती. इंग्रजीत तहकूब करण्याला 'अ‍ॅडजर्न' म्हणतात. तो जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या पोटात 'जूर' म्हणजे दिवस हा शब्द आहे. अ‍ॅडजर्न करणे म्हणजे मुळात दिवस नेमून देणे. पोर्तुगीजमध्ये त्यासाठी 'आदियार' असे क्रियापद आहे. त्यातला 'दिय' आपल्या ओळखीचा. जुन्या घरांतली म्हातारी माणसे सकाळी 'बों दिय' म्हणायची, तोच. म्हणजे आदियार करणे हेही अक्षरशः दिवसाकडे नेणे. सभागृह पुढची तारीख न देता उठते, तेव्हा इंग्रजीत लॅटिन 'सायने डाय' वापरतात. तिथेही डाय म्हणजे दिवस, 'दिवसाविना'. आपले वार्ताहर त्याला 'बेमुदत तहकूब' म्हणतात आणि ते फार छान आहे. मुदत नाही, हे सांगायला वेगळा शब्द जोडावा लागतो, याचाच अर्थ नुसत्या तहकूबमध्ये मुदत गृहीत आहे.

पण गोची इथेच आहे. त्या लोकांच्या शब्दात दिवस शिवलेला आहे. आपल्या तहकूबमध्ये फक्त थांबणे आहे. आपला शब्द स्वतःहून तारखेची आठवण करून देत नाही. ते काम लिहिणाऱ्याला करावे लागते. विधानसभेत ते होते. सभापती 'सभागृहाचे कामकाज दुपारी अडीच वाजेपर्यंत तहकूब' म्हणतात, आणि वृत्तपत्रातही 'वाजेपर्यंत' हा शब्द येतोच. तिथे पायऱ्याही नीट ठरलेल्या आहेत: सभागृह तहकूब करतात सभापती, अधिवेशनाची सत्रसमाप्ती करतात राज्यपाल, आणि विसर्जन म्हणजे तर सगळेच संपून पुन्हा निवडणूक. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर खपत नाही. गणपूर्तीचेही, म्हणजे कामकाजाला किमान किती सदस्य हजर हवेत याचेही, तसेच. घटनेच्या १८९ व्या कलमाप्रमाणे दहा सदस्य किंवा एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा, यांत जी संख्या मोठी ती लागते. आपल्या ४० जणांच्या सभागृहाचा दहावा हिस्सा चार, म्हणून दहाजण हवेत. तेवढे नसले तर सभापतींनी एकतर सभागृह तहकूब करायचे, नाहीतर गणपूर्ती होईतो बैठक थांबवून ठेवायची. तिथेही 'होईतो' आहे.

फार लांब कशाला, कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, सूचना पाहा. गावकारीच्या त्या पुरातन संस्थेवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, पण सर्वसाधारण सभेची तिची सूचना राजपत्रात येते तेव्हा 'ही सूचना प्रसिद्ध झाल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, नेहमीच्या सभागृहात' अशा धाटणीची असते. अंक हातात आला की बोटे मोजून दिवस काढता येतो. पोर्तुगीज आमदानीत पडलेली ही शिस्त पोर्तुगीज गेल्यावरही टिकली. पंचायतीच्या सूचनेला ती का लागू नये?

तुम्ही म्हणाल, महिना-दोन महिने इकडेतिकडे झाले तर काय बिघडले? बिघडते. आपल्या १९९४ च्या पंचायतराज कायद्यात ग्रामसभेच्या साधारण सभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांतल्या रविवारी ठरवून दिल्या आहेत. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरच्या खास सभा वेगळ्या. म्हणजे एप्रिलची सभा तारखेविना 'तहकूब' झाली की तो विषय व्यवहारात जुलैवर जातो. एप्रिलात पाण्याच्या टँकरचा प्रश्न असतो. जुलैत तो विचारायला उठलेल्या माणसाला लोक हसतात, कारण बाहेर धो धो पाऊस चालू असतो.

अर्ध्या तासाच्या तहकुबीबद्दलही थोडे बोलायला हवे. गणपूर्ती झाली नाही की सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग तीच सभा त्याच जागी, असतील तेवढ्या माणसांत भरते. सहकारी संस्थांच्या सूचनेत तर हे आधीच छापलेले असते: 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने याच ठिकाणी घेण्यात येईल व अशा सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.' या वाक्याला मी नावे ठेवत नाही. सगळ्या सूचनेत तहकूब हा शब्द बरोबर वापरलेले हे बहुधा एकच वाक्य. वेळ दिली आहे, जागा दिली आहे, पुढे काय होईल तेही दिले आहे. त्याचा परिणाम मात्र असा झाला की सभासद मूळ वेळेला येतच नाहीत. साडेदहाची सभा म्हणजे अकराची, हे आता सर्वांना पाठ आहे. पहिला अर्धा तास चिटणीस, शिपाई आणि खुर्च्या एवढेच हजर असतात. यावर उपाय माझ्याकडे नाही. अर्ध्या तासाने सभा भरते यातच मी समाधान मानतो.

मला हवे आहे ते थोडके आहे. सभा भरून मध्येच थांबली असेल तर असे लिहावे: 'आजची सभा विषय क्रमांक ७ पर्यंत होऊन तहकूब झाली. उरलेल्या विषयांसाठी हीच सभा अमुक दिनांकास अमुक वाजता याच ठिकाणी पुढे चालू होईल.' ही तारीख सभा उठायच्या आधी, सर्वांदेखत ठरवून वहीत लिहावी. सभा भरण्याआधीच ढकलायची असेल तर: 'अमुक तारखेची सभा पुढे ढकलली असून ती आता अमुक तारखेस होईल', आणि कारण एका ओळीत. 'अपरिहार्य कारणास्तव' हे कारण नव्हे. वीज नव्हती, सरपंच आजारी होते, सभागृहात लग्न होते, जे असेल ते लिहावे. लग्न असले तर गाव समजून घेते, कारण निम्मा गाव त्या लग्नाला गेलेला असतो. आणि खरोखरच तारीख ठरत नसेल तर 'नवी तारीख अमुक दिवसापर्यंत याच फलकावर लावू' असे लिहावे आणि त्या दिवशी ती लावावी. एवढे केले की तहकूब म्हणा, मुलतवी म्हणा, आजीला फरक पडणार नाही.

एक शंका आधीच दूर करतो. मराठीत लिहायचे की कोकणीत, या वादात हे पत्र ओढू नये. सभेत आम्ही कोकणीत भांडतो, इतिवृत्त मराठीत लिहितो आणि कायदा इंग्रजीत वाचतो, हे पेडण्या-डिचोली-सत्तरीकडे पिढ्यान्पिढ्या चालले आहे आणि त्यात कुणाचे अडले नाही. कोकणीत सूचना काढणार असाल तर 'बसका फुडें धुकल्या' लिहा, माझी ना नाही. फक्त पुढच्या आयताराची तारीख घाला.

हे पत्र वाचून दाखवायचे असेल तर येत्या ग्रामसभेत आयत्या वेळच्या विषयांत घ्यावे. सूचनांचा मसुदा दुरुस्त करण्याचा ठराव आला तर सूचक म्हणून माझे नाव घालायला हरकत नाही. अनुमोदनाला वरच्या वाड्यावरची आजी हात वर करील याची मला खात्री आहे, फक्त सभा साडेदहाला आहे की अकराला, ते तिला आधी कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पेडणे तालुक्यातील एक ग्रामस्थ आणि वाचनालयाचा माजी चिटणीस